संगप्पाने दिलेले तीन स्टार

बसा, बसा— त्या खुर्चीवर नका, तिचा पाय मोडलाय, थांबा, हे स्टूल घ्या. तर तुम्ही मोबाईलवर जे दाखवून राहिलात ना, ते माझंच हाय. 'सिंधुमावशीची मेस, लातूर', हाव, तीच. चार पॉइंट सहा स्टार. फोटोतली बाईपण मीच, हसले न्हाई ते मुनीबमुळं— समोर मोबाईलचं दुकान हाय ना, तो मुनीब— तो म्हणला, मावशी, दात नका दाखवू, मेसवाली हसती दिसली की लोकांना वाटतं हिनंच आधी खाऊन घेतलं. तर फाशी झालेल्या माणसासारखा फोटो आलाय. तुम्ही कंपनीकडून आलात, हाय ना? बोलू नका, मला कळतंय— पाठीला बॅग, पुण्याची भाषा, अन् आल्या आल्या पहिला सवाल काय, तर हे रिव्ह्यू कुणी लिहिलेत. पलीकडच्या गल्लीतली मेस मागल्या महिन्यात तुम्ही लोकांनी नकाशावरून पुसली, खोटे रिव्ह्यू टाकले म्हणून. आता ती बाई बारा वाजता दारात उभी राहून पोरींकडं बघत बसती. बाई चांगली हाय. भाजीत सोडा घालती, पण चांगली हाय.

थांबा, तुमचं नंतर सांगा. आधी माझं ऐका, कारण माझं एकदा मधी तुटलं की मग मी पहिल्यापासून सुरू करते, अन् साडेबाराला पोरी जेवायला येतील. खरं सांगते— खोटे हायत त्यातले, पण किती? दोन-चार. जास्तीत जास्त दोन-चार. बाकी सगळे पोरींचे. छत्तीस पोरी जेवतात माझ्याकडं, सगळ्या डॉक्टर होणार, निदान त्यांच्या बापाला तरी तसं वाटतं. पूर्वी कसं होतं, एखादी पोरगी गावाकडं जाऊन सांगायची की मावशीकडं भाकरी मऊ मिळती, तेवढ्यावर पुढल्या वर्षी चार पोरी यायच्या. आता बाप तिकडं बिलोलीला ओट्यावर बसून मोबाईलवर लातूर बघतो, अन् स्टार मोजून लेकीचं जेवण ठरवतो. मग मलापण शिकावं लागलं. रोज पहिलं ताट वाढलं की आधी त्याचा फोटो पालकांच्या ग्रुपवर. मी माझ्या देवाला निवद दाखवायला विसरते, पण ग्रुपला विसरत न्हाई. एकदा लई घाई होती तर कालचाच फोटो टाकला— कोण बघतंय म्हणलं— तर देगलूरच्या एका आईनं तो मोठा करून बघितला अन् लिहिलं, मावशी, लिंबाच्या फोडीत कालचीच बी हाय. मी नुसते हात जोडलेले टाकले.

मूळ भानगड झाली ती पहिल्या रिव्ह्यूमुळं. मला तर मालूमच न्हाई की आपली मेस नकाशावर हाय. अन् पहिल्यांदा बघितलं तर एकच रिव्ह्यू, एक स्टार, त्यात लिहिलं होतं, 'वरण पातळ. मावशी लई बोलते.' आता वरणाचं साफ खोटं हाय. दुसऱ्याचं तुम्ही समोरच बघून राहिलात. पण त्या एका स्टारनं जूनचा हंगाम बसला हो. जुनात पोरी येतात, क्लासला नाव घालतात, होस्टेल बघतात, मेस बघतात— अन् माझ्या दारावरनं तिघीचौघींच्या टोळ्या मोबाईलमधी बघत बघत पुढं जायच्या. मी इथं ओट्यावर उभी, हातात उलथणं, त्यांना मी दिसतच न्हाई, मोबाईलमधी दिसते. नवरा वारल्यावर हीच एक मेस हाय बघा माझ्याजवळ, दुसरं काही येत न्हाई मला. तर गेले मुनीबकडं.

मुनीब म्हणला, काही अवघड न्हाई, खाती उघडू, आपणच लिहू, नावं सांगा. पण मावशी, जिंदा माणसाचं नाव नको, उद्या तो येऊन विचारंल की माझ्या नावानं हे कुणी लिहिलं. मनानं बनवा नावं. आता मनानं नावं बनवायची म्हणजे तुम्हाला सोपं असंल. मी स्टुलावर बसले, डोळे मिटले, अन् तोंडातून नावं अशी सुटली की मुनीबचं बोट मागं पडायला लागलं. दगडोबा म्हणलं. मग त्याची म्हातारी. मग संगप्पा. मग शरणप्पा, त्याची बायको सिद्धम्मा, त्यांचं पोरगं. सात-आठ झाली तवा मुनीब म्हणला, मावशी, सुचतात कशी हो तुम्हाला इतकी भराभरा? अन् तवा माझ्या ध्यानात आलं की मी नावं बनवून न्हाई राहिले. मी गल्लीतून चालून राहिले.

आमचं गाव किल्लारीकडंच. भूकंपातलं. तुम्हाला म्हणजे, पुण्याच्या माणसाला, ते पुस्तकातलं असंल. मी पंधरा वर्षांची होते. गणपती बघायला म्हणून मुदखेडला मावशीकडं गेलते, म्हणून बसलेय इथं वरणाच्या गोष्टी सांगत. चौथ्या दिवशी पोचले तर गाव न्हाई. घरांच्या जाग्याला दगड, अन् सगळं झालेलं— माणसं जाळून झालेली. लिंबाखाली तलाठी बसलेला, त्याच्यासमोर कोरे कागद, अन् त्याच्याच्यानं एक अक्षर निघंना. कुणीतरी म्हणलं, ही दहावीची पोर हाय, अक्षर चांगलं हाय हिचं. तर मला बसवलं. जे वाचलेले होते ते एकेक घर सांगायचे, देवळापासून सुरू करून, ओळीनं, अन् मी लिहायची. मला त्या वक्ताला इतकंच वाटायचं की अक्षर बिघडू नये. काय माणूस असतो बघा. शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं वेलांटी पूर्ण काढत जा, तर मी मेलेल्यांच्या वेलांट्या पूर्ण काढून राहिले होते. ती यादी पुढं तहसीलला गेली, पक्की झाली असंल, दुरुस्त झाली असंल, मला कोण सांगतंय. मी परत मुदखेडला, अन् तिथून लगीन होऊन इथं लातूरला. गाव नवीन बसवलं, पण मी काही तिथं राहिले न्हाई. माझ्याजवळ आपली ती जुनी गल्ली हाय, देवळापासून ओळीनं.

तर एकोणीस. हाव, दोन-चार म्हणले होते मी, एकोणीस हायत. आता सांगितलंच हाय तर नीट सांगते. मुनीब म्हणला, मावशी, झालं ते झालं, चांगलीच हायत की नावं, कोण विचारायला येतंय? अन् सगळ्यांच्या नावापुढं पाच स्टार टाकायला लागला. मी त्याचा हात धरला. म्हणलं, संगप्पाचे पाच नको. तो म्हणला, का? म्हणलं, संगप्पानं जन्मात कशाला चांगलं म्हणलं न्हाई. स्वतःच्या लेकीच्या लग्नातल्या बुंदीला त्यानं नाव ठेवलं होतं. त्याचे तीन टाक. मुनीब डोक्याला हात लावून बसला— मावशी, खोटा रिव्ह्यू लिहून राहिलो अन् त्यात तीन स्टार? दुनियेत असं कुणी करत न्हाई. पण मला ते जमेना. पाच दिले तर तो संगप्पा होईना. मग तीन दिले, अन् लिहिलं, 'ठीक हाय. आमटीला येसर कमी.' अन् सांगते तुम्हाला, दुसऱ्या दिवशी मी आमटीत येसराचा मसाला वाढवला. स्वतःच खोटं लिहिलं अन् स्वतःच भिऊन सुधारले. दगडोबाचं लिहिलं, 'दात न्हाईत तरी भाकरी खाल्ली.' आता सांगा, नीट परीक्षेच्या क्लासवाल्या पोरींच्या मेसमधी बिनदाताचा माणूस कशाला येईल जेवायला? पण लोकांना आवडलं ते. चौदा जणांनी अंगठा दाबलाय त्याला.

मग चटकच लागली. दुपारी भांडी आटपली की मी मुनीबच्या दुकानात, अन् एकेकाचं लिहायचं. सिद्धम्माचं सगळ्यात मोठं हाय, ते तुम्ही वाचलंच असंल. ती आमची शेजारीण. माझी आई शेताकडं गेली की ही भिंतीवरून पहिली गरम भाकरी मला द्यायची, वर शेंगदाण्याची चटणी, अन् म्हणायची, घरच्यांना सांगू नको, त्यांना दुसरी मिळंल. मी आज भाकरी करते ती तिचीच करते. तर तिच्या नावानं लिहिलं, 'ही भाकरी मीच शिकवली हिला.' ते काही खोटं न्हाई. तुमच्या कंपनीच्या हिशेबानं खोटं असंल, माझ्या हिशेबानं तेवढा एकच खरा रिव्ह्यू हाय त्या सगळ्यात. तिच्या पोराचंपण लिहिलं. सहा वर्षांचं होतं, लई द्वाड, पहिलीत होतं, म्हणून शब्द जोडून जोडून— 'वरण गोड हाय. अजून पाहिजे.' चार स्टार. पाचवा मी राखून ठेवला, कारण त्यानं एकदा माझं दप्तर आडात टाकलं होतं. तीस वर्षं झाली, मेलेलं लेकरू, अन् मी त्याचा एक स्टार कापून राहिले. हसा, हसा. मीपण हसलेच होते.

आता शेवटचा, बिनशब्दाचा. तुमचं बोट तिथंच थांबलंय, मी बघून राहिले मघापासून. वर्षाराणी. नुसते पाच स्टार, खाली काही न्हाई. मुनीब म्हणला, मावशी, काहीतरी लिहा, रिकामा रिव्ह्यू खोटा वाटतो. पण तिला लिहिता कुठं यायचं? पाच वर्षांची होती. माझी बहीण. गल्लीतलं शेवटचं घर आमचं. आईचं नाव मी मुनीबला दिलंच न्हाई, आईला मेसच्या कामाला लावावं वाटेना. वर्षाराणीचं मात्र तोंडातून निघून गेलं. ओळीत होतं ना. त्या यादीतपण तिचं नाव मी असंच लिहिलं, एक जण म्हणला सिंधू, तुझी आई अन् बारकी दोघी, अन् मी लिहिलं. बघितलं न्हाई मी. बघायला काही ठेवलंच नव्हतं. वेलांटी मात्र पूर्ण काढली होती.

तर हे असं हाय साहेब. काढून टाका, सगळे एकोणीस काढा, पण मेस पुसू नका. पाहिजे तर लिहून देते, पाया पडते. अन् ते पातळ वरणवालं राहू द्या खुशाल, ते खऱ्या माणसानं लिहिलंय.

काय? कंपनीचे न्हाईत? मग मघापासून मी हे सगळं कुणाला— अहो, मग सांगायचं ना. मी बोलू दिलं न्हाई, हे खरं हाय. मग कोण तुम्ही? स्वतःचं नाव मोबाईलवर शोधलं? का? सहज. बरं, लोक शोधतात, मुनीबपण शोधतो स्वतःचं. अन् ते इथं निघालं? माझ्या मेसच्या खाली? कुठं, दाखवा. चष्मा न्हाई माझा, मोठं करा.

हा तर सिद्धम्माच्या पोराचा हाय. चार स्टारवाला. 'वरण गोड हाय.' सिद्धलिंग शरणप्पा—

तुमचं नाव काय म्हणालात?

नाव सारखंच असंल. लई असतात सिद्धलिंग आमच्याकडं. सोलापूरच्या दवाखान्यात? अन् तिथून पुण्याला, अनाथ लेकरांच्या संस्थेत. बरं. दगडाखालून काढलं अन् ट्रकात घातलं, एवढंच ध्यानात हाय तुमच्या. अजून काय ध्यानात हाय? आईचं तोंड न्हाई ध्यानात. भिंतीवरून हात दिसायचा, त्यात भाकरी असायची. थांबा. जरा बसू द्या मला, ह्याच मोडक्या खुर्चीवर बसते, मला मालूम हाय तिला कसं धरायचं.

मी लिहिलं तुला यादीत. माझ्या हातानं लिहिलं. शरणप्पा, सिद्धम्मा, सिद्धलिंग— कुणीतरी म्हणलं तिघं, अन् मी तिघं लिहिले. तू तवा ट्रकात होतास अन् मी तुझ्या वेलांट्या काढून राहिले होते. सिद्ध्या. माझं दप्तर आडात टाकलं होतंस रे तू.

त्या ट्रकात— तू एकटाच होतास का? म्हणजे लेकरं, दुसरी? एक बारकी पोर असंल, पाच वर्षांची, तुझ्यासंगंच खेळायची ती, आमच्या दारात, बिब्ब्याएवढा तीळ होता हनुवटीवर. यादी मीच लिहिली ना. तुझं नाव चुकलं, म्हणजे एक चुकलं, म्हणजे—

न्हाई, बोलू नको. आत्ताच सांगू नको. मान हलवू नको. पोरींनो, बाहेरच थांबा जरा, आज फोटो न्हाई, ग्रुपवर कुणी काही टाकू नका. तू हात धू. नळ तिकडं हाय. पहिली भाकरी तव्यावर टाकते, ती खा आधी. मग सांग.