माह्या भावाची पोरगी मीच मागतली

माहं माहेर अकोल्याचं अन् सासर शेंदूरजनाघाटचं. बाप शायेत शिपाई होता, त्याच्या मांगं माहा भाऊ तिथंच लागला. मी लग्न होऊन इकडे आली तवापासून संत्र्याच्या मंडीत बसते, संत्रं हातात घेतलं का सांगते हे पयल्या नंबरचं का दुसऱ्या, तीस वर्सं तेच केलं. नवरा लवकर गेला, एकच पोरगा, प्रमोद. त्याच्यासाठी मी परकी पोरगी पायलीच नाई. काय सांगू तुमाले, माह्या भावाची मंदा होती ना, मीच अंगाखांद्यावर खेयवलेली, तिलेच मागतलं. भाऊ म्हने, कमल, तुह्या घरी देतो म्हनजे मले घोर नाई. आमच्यात मामाची पोरगी करतात, चांगलंच समजतात त्याले. मले बी वाटे का सून नाई आनली, आपलंच लेकरू आनलं. ती अजून बी मले आत्याच म्हनते.

तिले गौरी झाली. गोरीपान पोट्टी, पन रांगाले लागली तर गुडघ्यावर काये-निये डाग, उचलून घेतली तर बगलेत बोटांचे डाग. शेजारीन म्हने, काहून मारता लेकराले. मंदा रडे. दुधाचा दात पडला तर दोन दिवस तोंडातून रगत, नाकातून तर कवा बी. दवाखान्यात नेलं का सांगत, उष्णता हाये, गुलकंद द्या. आमी दिला गुलकंद, इतका दिला का पोट्टी वास आला का तोंड फिरवे.

अन् मंग बारावं लागलं न लागलं तर तिले न्हान आलं. मंदानं साडी आनली, मी ओटी भरली, पन ते थांबेच ना बाई. चार दिवस, आठ दिवस, अठरा दिवस. ओठ पांढरे, उभी रायली का चक्कर. अमरावतीले नेलं, रगताच्या बाटल्या लावल्या, थांबलं, घरी आनलं, फिरून तेच. दर खेपेले रिपोर्ट काढत अन् दर खेपेले म्हनत, रिपोर्ट तर चांगले आहेत, पेशीही भरपूर आहेत. चांगले हायेत तर मंग हे काय जाऊन राहिलं? तिसऱ्या खेपेले तिथल्या मोठ्या डॉक्टरनं प्रमोदले बोलावलं अन् म्हने, दुसरा उपाय नाही, गर्भपिशवी काढून टाकू. बारा वर्सांच्या पोरीची. सोमवारी आपरेशन. प्रमोदनं सही केली. त्याले काय म्हनू मी, मी बी तर म्हनलं होतं, कर, जीव तर वाचन.

मंदानं आपल्या बापाले फोन केला. भाऊ रविवारी सकायीच अकोल्याहून आला, म्हने, कापाच्या आदी एकदा माह्याकडे चला, आमच्या शायेतल्या मॅडमची बहीन रगत तपासनारी डॉक्टर हाये. अमरावतीचे डॉक्टर चिडले, तुमच्या जबाबदारीवर न्या म्हने, कागदावर लिहून घेतलं. गाडीत पोट्टीचं डोकं माह्या मांडीवर, पाय मंदाच्या मांडीवर. मूर्तिजापूर आलं तवा तिनं डोये उघडले. मंग म्हने, आजी, मले शायेत काय सांगाचं?

त्या डॉक्टरबाईनं आदीचे रिपोर्ट बाजूले ठेवले. गौरीच्या बोटाले टोचलं, थेंब तसाच काचेवर घेतला अन् दुर्बिनीतून किती तरी वेय पाहात रायल्या. मंग आमाले सांगतलं, हिच्या रक्तात पेशी आहेत, पण जखम झाली की त्या एकमेकींना धरून बसायला पाहिजेत, हिच्या सुट्या सुट्याच राहतात, म्हणून मोजणीत चांगल्या दिसतात. उद्या टेबलावर घेतली असती तर रक्त थांबवता आलं नसतं. मंग इचारलं, आईवडिलांचं लग्न नात्यातलं का?

भावानं माह्याकडे पायलं. मी त्याच्याकडे. मंदा म्हने, हो, माह्या आत्याच्याच पोराले दिली मले. डॉक्टरबाई हळू आवाजात म्हनल्या, दोघांच्याही रक्तात हा दोष झाकलेला होता, त्यांना त्रास नाही, पण दोन्हींकडून आला तर लेकराला होतो. मुंबईले रगत पाठवलं, तेच निघालं. बिमारीचं नाव लांबलचक हाये, मंदाले म्हनता येते, मले नाई.

बाहेर येऊन भाऊ पायरीवर बसला, म्हने, मी दिली. मी म्हनलं, मागतली तर मीच. तिथंच दोघंई भांडलो, जो तो म्हने दोष माहाच जास्त. तवापासून तो माह्या घरी नाई आला. फोनवर नातीचं इचारते अन् ठेवते.

औषधाच्या गोया सुरू झाल्या, महिन्याची पायी येऊच नये म्हनून एक, रगत धरून ठेवाले एक. तापाले कोनती बी गोई द्याची नाई, दंडात सुई टोचू द्याची नाई. वर्सभर बरं गेलं. मंग नाकाचं सुरू झालं, दुसऱ्याच्या पेशी चढवल्या, थांबलं. पन चढवता चढवता तिचं आंग आता त्या पेशी मारून टाकते. डॉक्टर म्हनतात, कवा लागू पडतीन कवा नाई, भरवसा नाई.

मी मंदाले रोज म्हनो, माफ कर मले. एक दिवस तिनं पोयपाट बाजूले सारला अन् म्हने, आत्या, मी तुमाले कवा काई बोलली का? तुमी रोज माफी मागता, मले रोज तुमालेच समजवा लागते. मंग मी लेकरापाशी कवा बसू? तवापासून मी नाई म्हनत. मनातल्या मनात म्हनते.

आता सोळाची हाये. कालपासून ह्याच दवाखान्यात वरच्या वार्डात हाये, नाकात बोळे भरून, तोंडानं श्वास घेऊन राहिली. एक इंजेक्शन हाये, ते लागू पडते, पन इथं नाई, नागपूरहून परवा येईन म्हनतात. परवापर्यंत पेशींवरच काढाचं. ह्या खेपेले चालतीन का नाई, कोनी सांगत नाई. मी वर बसू नाई शकत, ती माह्याकडे पाहून हासते.

तुमी लिहून राहिले, लिहा, माहं नाव बी लिहा. सुखी राहा, तुमचं घर भरलेलं राहो. पन पयले एक सांगा, तुमचं रगत कोन्या गटाचं हाये? तिचा गट 'बी-पॉझिटिव्ह' हाये.