पाल्याचं नाव

समता कॉलनीतल्या दवाखान्यात, एरवी कीर्तनाखेरीज कुठंही गप्प न बसणाऱ्या इंदूकाकू शेजारी बसलेल्या मायलेकींचं बोलणं निमूट ऐकत होत्या.

"आई, बाबांच्या पायाले कोणतंच औषध लागू पडून नाही राहिलं. तू बांधत होती तो पाला कोणता?"

"नाव सांगितलं का गुण जाते, अनू. जंगलातल्या बैगा वैदूनं देतानाच शपथ घातली."

"आमच्या लॅबमध्ये तुया कुटलेल्या पाल्यानं बाबांच्या जखमेतलेच जंतू मेले. नाव कळलं तर पुढं तपासू."

"मंग तुया बाबाचा पाय वाचन?"

"नाही, आई. तो उद्याच कापणार हायेत. औषध झालंच तर वर्षं लागतील."

"मंग कोणाच्या कामी येईन?"

"दुसऱ्या कोणाच्या तरी."

आईनं पदरानं डोळे पुसले.

"कान इकडं कर."

इंदूकाकू उठल्या आणि दूरच्या बाकावर जाऊन बसल्या.