काळ्या गाडीचं वायरिंग

माझं नाव रंजना, माहेर पेणच्या खाडीकडचं, मिठागरातलं. आय-बापूस दोघं मीठ ओढायची, पायांना ह्या भेगा, त्या भेगांत मीठ शिरायचं, मंग घरी आल्यावर बापूस कोणावर तरी हात टाकायचा, कधी आयवर, कधी माझ्यावर, आणि बांध फुटला की गावातली माणसं एकमेकांवर फावडी घेऊन धावायची, ते पण बघितलेलं. आय मला बोलायची, गो बाय, नुसता मार खाऊन रडायचं नाय, आधी मारायचं, मंग काय ते रड. तर काय सांगू तुम्हाला ताई, रगत बघून मला कधी चक्कर आली नाय. तुम्ही लिहून घेताय तर हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं ऐकून तुम्ही विचारायला नको की बाईमाणूस असून तुझा हात उचलला कसा.

लग्न करून वडखळला आले. आमचे हे गाड्यांचे इलेक्ट्रिशियन, नाक्याच्या अलीकडे पत्र्याचं गॅरेज, मागं घर. ह्यांनी माझ्यावर हात उगारला नाय, कधीच नाय, आवाज पण चढवायचे नाय, पहिले पहिले मला ते खरंच वाटायचं नाय, मी आपली वाट बघायची, आज मारतील, उद्या मारतील. आणि बोटं काय होती ह्यांची, आपण वेणी घालतो ना तशी वायर गुंफायचे, बघत राहावं.

मंग एक दिवस रोह्याचे बाळाशेठ गाडी घेऊन आले, म्हणजे ट्रकवर घालून आणली, चालत कुठं होती ती. रोह्याजवळ वरसे गावात त्यांचा बंगला हाय. काळी, जुनी, विलायती, पुढचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे. बोलले, वडिलांची गाडी हाय, इंजिन झालं, पत्रा झाला, आता आतली एकूण एक वायर बदलून दे, जुनी एक पण ठेवू नको. ह्यांनी उघडून बघितलं तर आत कापड गुंडाळलेली वायर, कापडाच्या आतलं रबर हात लावला की रव्यासारखं गळायचं, तांबं उघडं. हे बोलले, शेठ, बरोबर आहे तुमचं, जुन्याला नवीन जोडून चालत नाय, एका ठिकाणी टेकलं की सगळं पेटतं. मंग सगळं वायरिंग अख्खं बाहेर काढलं, जमिनीवर पसरलं, मोठ्या माशाचा काटा काढून ठेवावा तसं, आणि त्याच्यावर मापून नवीन बांधायला घेतलं. समोरच्या मीटरांच्या मागं एका जागी वायरी वितळून काळा गोळा झालेला. हे बोलले, शेठ, इथं कवातरी आग लागलेली. शेठ बोलले, जुनी गोष्ट हाय, तू काम कर. आम्ही काम केलं.

दुपारची वेळ होती, मी ह्यांना जेवायला बोलवायला गेले. हे गाडीत उताणे पडलेले, डोकं आत, पाय दरवाज्यातून बाहेर, नवीन वायरी बसवत होते. इतक्यात एक माणूस मोटारसायकलवरून आला, स्टँडला पण लावली नाय, तशीच पाडली, हातात नारळ सोलायचा कोयता. मी त्याला जन्मात बघितलेला नव्हता. पहिला घाव काचेवर, दुसरा बॉनेटवर, नि ओरडतोय, हिला जिती कोणी केली, कोणी हात लावला हिला. हे बाहेर येत बोलतायत, दादा, काय झालं, दादा, थांबा. त्यानं वाकून वायरींचा जुडगा डाव्या हातानं ओढला नि कोयता उचलला, आणि ह्यांनी हात मध्ये घातला. वायर वाचवायला नाय हो घातला, समोर कोणी काय तोडायला लागलं की आपला हात आपोआप जातो, तसा गेला. उजव्या हाताचा अंगठा नि शेजारचं बोट. अंगठा खाली पडला, मी बघितला.

मंग मी जॅकचा दांडा उचलला. पहिला मारला तो त्याच्या जबड्यावर, सुकी फांदी मोडल्यासारखा आवाज आला. दुसरा गुडघ्यावर. तो खाली पडला तरी मी मारत होते, ताई, खोटं कशाला बोलू, मला थांबायचं नव्हतं. नाक्यावरची माणसं धावत आली आणि त्यांनी धरलं कोणाला, तर मला.

मासळीवालीकडनं बर्फ घेऊन अंगठा नि बोट पिशवीत घातलं, पेणला नेलं, तिथून पनवेलला. डॉक्टर बोलले, जोडता येणार नाय. आणि तिथं बाहेर बाळाशेठ येऊन रडायला लागले, बोलले, तो सुरेश, माझा धाकटा भाऊ. त्याची बायको ह्याच गाडीत गेली. पेणहून रोह्याला येताना गाडी हेच शेठ चालवत होते, समोरून एकदम धूर आला, दिवे गेले, काळोखात रस्त्याकडेला उभ्या ट्रकवर आपटली, ती पुढं बसलेली. सुरेशनं तेव्हाच सांगितलेलं, ही गाडी परत रस्त्यावर दिसली तर तोडीन, गाडीला पण नि दुरुस्त करणाऱ्याला पण. मी बोलले, तुम्हाला हे ठाऊक होतं? बोलले, व्हय. म्हणून रोह्याला केली नाय, इथं आणली, तरी त्याला कोणीतरी सांगितलंच. मी त्यांच्या थोबाडीत दिली. सगळ्या लोकांसमोर दिली. मी बोलले, स्वतःच्या दारातला साप आमच्या दारात आणून सोडलास, आणि सांगितलं पण नाय.

घरी आल्यावर गाडी दारातच उभी. शेठ बोलले, भंगारात घालतो. मी बोलले, भंगारात कशाला, मी जाळते, आणि रॉकेलचा डबा घेऊन गेले, सीटवर ओतलं पण. हे आले, हात पट्टीत गळ्याला बांधलेला, दरवाज्याला टेकून उभे राहिले. बोलले, जाळ, पण मंग माझा हात कशासाठी गेला ते मला सांग. आणि रडले. लग्नानंतर पहिल्यांदा मी ह्यांना रडताना बघितलं. बोलले, त्या बाईला गाडीनं नाय मारलं, सडक्या वायरीनं मारलं, ती वायर मी काढली, आता नीट पुरी होऊ दे. मी बोलले, करणार कोण? बोलले, तू.

मंग काय, रॉकेलनं भिजलेली सीट काढून टाकली, हे स्टुलावर बसून सांगायचे, मी आत झोपून करायची. माझी बोटं भाजली वायर जोडायच्या तापल्या सोल्डरनं, मी शिव्या द्यायची, पक्कड फेकायची, एकदा ती ह्यांच्या कपाळावर लागली, तर बोलले, नेम चांगला हाय, आता ती निळी वायर धर. तोडलेल्या सगळ्या वायरी नवीन टाकल्या. शेवटी बटण दाबलं नि दोन्ही दिवे लागले, पांढरे लख्ख. शेठ गाडी घेऊन गेले. चालवतात का नाय, मी विचारलं नाय.

आता गॅरेज मीच बघते. ड्रायव्हर लोक पहिले हसायचे, आता भाभी बोलतात. केस चालू हाय, तारखेला अलिबागला जातो. सुरेश समोर बाकावर बसतो, जबडा वाकडा जुळलाय. मागच्या तारखेला पाणी पिताना त्याच्या ओठाच्या कडेनं सगळं गळत होतं, तर आमच्या ह्यांनी डाव्या हातानं आपला रुमाल पुढं केला, नि त्यानं घेतला. मला इतका राग आला, घरी येईपर्यंत ह्यांच्याशी बोलले नाय. मी माफ केलेलं नाय, ताई, लिहून ठेवा. कोर्टात विचारतील तेव्हा जे झालं ते सगळं सांगणार, मी कितीदा मारलं ते पण सांगणार. त्याला शिक्षा झाली पाहिजे. पण संध्याकाळी हात जोडले की तोंडातून आपोआप निघतं, देवा, त्याला शिक्षा होऊ दे, आणि शिक्षा भोगून आला की कोणीतरी त्याला घरी जेवायला वाढणारं असू दे.