पळसदेवाला आधी गेलेली पेटी

कुशाबाई : तुझ्या नवऱ्याला दिशा कळंना झाल्यात, प्रगती. दिल्लीला टरकातली डाळिंबं उतरवून भिगवणपातुर नीट आला. तितनं बारामतीकडं वळलं की आपली सांगवी. तर ह्यो गेला इंदापूरच्या अंगाला. पळसदेवाला, सासूच्या दारात.

प्रगती : जवळच तर आहे, आत्या. येताना त्यांनी पीचच्या दोन पेट्या आणल्या. एक माझ्या आईला दिली, एक आपल्याला.

कुशाबाई : किती दिल्या ते न्हाय इचारलं मी. आधी कुठं उतारली ते सांग.

प्रगती : तिकडं. बरं, ती विळी बाजूला ठेवा ना. पीच असे सोलत नाहीत. सालीबरोबर निम्मा गर चाललाय.

कुशाबाई : चाळीस वर्सं सोलतीया मी. कैऱ्या, भोपळं, सुरण. ह्याचंच काय न्यारं? आन बघ, सगळ्या पेटीला बुरशी धरलीया. चांगली सासूला, द्वारकाबाईला, बुरशीची आईला.

प्रगती : बुरशी नाही ती. लव आहे. पीचला असतेच.

कुशाबाई : आता सांगतीस व्हय.

प्रगती : का? काय केलंत?

कुशाबाई : त्यातलं चार काथ्यानं घासलं. त्यांचा पार लगदा झाला.

प्रगती : कुठं आहेत ते?

कुशाबाई : म्हशीनं खाल्लं. तिनं न्हाय इचारलं, आधी कुणाच्या घरी गेलतं म्हणून.

प्रगती : द्या इकडं. अर्धं मिनिट उकळत्या पाण्यात ठेवायचे. लगेच गार पाण्यात टाकायचे. मग नुसतं बोटानं ओढायचं. बघा, कशी सुटली साल.

कुशाबाई : तान्ह्या पोराचं झबलं उतरावं तशी. मोबाईलवर बघितलंस?

प्रगती : नाही. ह्यांनीच सांगितलं सकाळी. काल आईला असेच सोलून दिले म्हणाले.

कुशाबाई : कुणी दिलं?

प्रगती : ह्यांनी.

कुशाबाई : दीपकनं? सोताच्या हातानं?

प्रगती : जरा सरका, आत्या, पातेलं उतरवते.

कुशाबाई : सरकत न्हाय. किती सोललं?

प्रगती : मी कुठं होते तिथं? आईचा फोन आलेला. सहा-सात म्हणाली. फोडी करून ताटलीत दिल्या.

कुशाबाई : फोडी करून. आन तिनं लगीच फोन फिरिवला. गावातबी सांगत हिंडली आसंल.

प्रगती : हिंडली नाही. तिचा गुडघा धरलाय. आणि ती माझी आई आहे, आत्या, जरा जपून बोला.

कुशाबाई : जपूनच बोलतीया. ह्या घरात त्यानं कधी कांद्याची साल काढली न्हाय. अंघूळ झाली का बघ त्याची. बलीव.

(दीपक टॉवेलनं डोकं पुसत येतो.)

दीपक : काय झालं? गल्लीत आवाज जातोय.

कुशाबाई : पळसदेवापातुर जाऊ दी. तितं सासूच्या इळीवर बसलास व्हय?

दीपक : इळी कुठली? चाकू होता. मामींना साल निघंना. दिल्लीत मंडीबाहेरचा ढाबेवाला गरम पाण्यात बुडवून सोलतो, ते बघितलं होतं. म्हटलं, द्या इकडं.

कुशाबाई : मला कधी म्हणलास, दे इकडं?

दीपक : म्हणलो की. सातवीत होतो. तुला ताप आलता, म्हणून मी काकडी घिऊन इळीवर बसलो. तू हातरुणातनं उठलीस आन पाटावरनं ढकाललंस मला. बाप्या माणसानं इळीवर बसू न्हाय म्हणलीस.

कुशाबाई : न्हाईच बसू. आपल्यात कुणी बसत न्हाय.

दीपक : म्हणून मी बी न्हाय बसलो. वीस वर्सं झाली.

कुशाबाई : लई ध्यानात ठिवलंस.

दीपक : तू सांगितल्यालं मोडायची सोय हाय का ह्या घरात?

कुशाबाई : तितं मोडलंस की.

दीपक : तितं कुणी ढकाललं न्हाय.

प्रगती : अहो, पुरे आता.

कुशाबाई : बोलू दी त्याला. फोडी खाताना द्वारकाबाई काय म्हणली?

दीपक : काय न्हाय.

कुशाबाई : खरं सांग.

दीपक : म्हणल्या, मला लेक असता तर असाच असता.

कुशाबाई : तिला तीन लेकीच हायत, ठावं हाय मला. म्हणून माझा घ्यायचा व्हय?

दीपक : कुणी न्हाय घेतला, आई. हितंच हाय मी.

कुशाबाई : मग बस.

दीपक : कुठं?

कुशाबाई : हितं, माझ्याम्होरं. इळीवर न्हाय, ते न्हायच. चाकू घे. प्रगती, त्याला परात दी. आन दार लोट आधी, शेजारची फुलाबाई वाकून बघतीया.

प्रगती : हा घ्या, हा चांगला पिकलाय.

दीपक : फोडी करू का?

कुशाबाई : तिला काय दिलंस?

दीपक : फोडी.

कुशाबाई : मला अख्खा दी.

दीपक : धर. कसा हाय?

कुशाबाई : खाऊ तर दी.

प्रगती : रस गळतोय, आत्या. पदर सांभाळा.

दीपक : सांग की, आई.

कुशाबाई : गोड हाय, दीपक. पर आधी तिला देऊन, माझ्याकडं तू उष्ट्या हातानं आलास.