राणीच्या पदरातला कांदा

मंडळी, सावरून बसा! आज प्रश्न एकच — दुसऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी खरं की खोटं, हे ओळखावं कसं? खांबाजवळचे काका म्हणतायत, चाखून! काका, तुम्ही खालीच बसा.

ऐका! कोकणातलं गाव. देवळापुढे दशावतारी नाटक. सुकाजी मिशी तासून, नऊवारी नेसून राणी झालेला. मांडीवर मेलेलं बाळ. बाळ म्हणजे काय? उशी! पण असा रडला, असा रडला, की अख्खं गाव रडलं. उशीसाठी!

उजाडता उजाडता नाटक संपलं. गावाने डोळे पुसले — आणि गावाला शंका आली. "आपण रडलो ते ठीक. पण हा का रडला? ह्याला तर शेवट आधीच ठाऊक होता!"

आहे की नाही मुद्दा?

देवस्थानचे मानकरी आबा परुळेकर पडद्यामागे घुसले. मागून गाव. सुकाजी पेटाऱ्यावर बसलेला. टोप उतरलेला, कुंकू तसंच.

"सुकाजी, कांदो खंय?"

"कसलो कांदो, आबा?"

"रडूचो! काढ भायर. नायतर फुडल्या वर्साक तुका बोलावणा नाय!"

आजाच्या काळापासून त्या देवळापुढची राणी ह्याच्याच घरातली! सुकाजीचा चेहरा उतरला. झडती सुरू. पदर हुंगला. गजरा हुंगला. उशीसुद्धा हुंगली — आधी हात जोडून, मयताचा मान म्हणून! कांदा नाही.

आबांचा संशय दुप्पट. "मगे आता रडान दाखय!"

सुकाजीने डोळे मिटले. टिपूस येईना. "आबा, सोंग उतरला की आत रिकामा वाटता. पावणे गेल्यावर घर वाटता ना, तसा. आता खंयसून रडू?"

"बघा! चोर गावलो!"

तेवढ्यात गर्दीतून शेवंतीकाकी पुढे आली. हातात पेजेचं भांडं. "रे सुकाजी, कालपासून राबतंस... जेवलंस काय?"

आणि मंडळी — घळाघळा! कुंकू वाहत हनुवटीपर्यंत!

आबा हळूच वाकले... आणि पेज हुंगली!

नव्हता हो कांदा! आबांनी मानाचा नारळ उचलला आणि मान खाली घालून राणीच्या ओटीत घातला.

तर ओळखावं कसं? अहो, ओळखायला निघायचंच कशाला? मघाशी पेजेची गोष्ट सांगताना माझे डोळे भरले, तेव्हा दुसऱ्या रांगेतल्या दोन माउल्या माझ्या उपरण्याकडे बघून कुजबुजल्या. पाहिलंय मी! या, खुशाल हुंगा उपरणं. पण त्याआधी एक विचारायचं असतं. काय बरं?

...कुणीच नाही?

तबलजी, आवरा. डबा आणलाय ना?