चपलीचा अंगठा

ऋषिराज हे लिहिणारच नव्हता, कारण यात त्याचीच चूक निघते. पण कराड-सांगली यष्टीत पुढच्या सीटवर मायलेक बोलत होते, आणि ते ऐकल्यापासून त्याला चैन पडंना.

"दारात गाडी असून यष्टीनं? गाव हसतंय, आये."

"हसू दे. तुझ्या गाडीत मी बसत न्हाई."

"आगं, जुन्या एट हंड्रेडमधी तेराशे सीसीचं नवं इंजिन बसीवलंय. लय पळती. कुणाला ऐकत न्हाई आता!"

"तुला तरी ऐकती का?"

"म्हंजी?"

"काल माझ्या चपलीचा अंगठा तुटला, बघितलास?"

"चपलीचा न् इंजिनाचा काय संबंध?"

"वळण आलं की मी शेजारी बसून पाय दाबत हुते. तुझ्या बाच्या शेजारी वीस वर्सं बसले, कवा दाबला न्हाई. ब्रेक बदललंस?"

"जुनंच हाईत अजून. ब्रेक कुणाला दिसत्यात, आये?"

"मला चपलीत दिसलं."

ऋषिराजनं लगेच त्याच्या मित्राला, प्रशांतला फोन लावला. प्रशांतच्या एट हंड्रेडलाही परवाच मोठं इंजिन बसलं होतं, आणि आज दोघं ती हायवेवर पळवून बघणार होते.

"पश्या, गाडी भाईर काढू नगंस."

"का रं? घाबरलास व्हय?"

"व्हय. ब्रेकचं नंतर बघू, असं मीच म्हणलो हुतो. आता सांगलीत उतरून विश्रामबागेतनं मोठं ब्रेक मीच घिऊन येतो. ते बसलं की शेजारी पयला मी बसणार, गड्या. मांडी घालून. शब्द देतो."