चूलबंद आवतन

यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात केसपेपरची रांग हलता हलत नव्हती. दिपालीनं मनाच्या डॉक्टरची जुनी चिठ्ठी चार घड्या करून मुठीत धरली होती. पुढच्या दोघी एकाच गावच्या निघाल्या.

"कौसल्याबाई, कशी हाय आता तब्येत?"

"मनाच्या गोळ्या चालू हायेत, लीलाबाई. डॉक्टर म्हणते, चार लोकांत मिसळत जा."

"बरोबरच म्हणते. मंग आमच्या वैष्णवीच्या लग्नाले काहून नाही आल्या?"

"आवतन एकाच माणसाचं होतं. आमचे मालक येऊन जेवून गेले."

"हो का?"

"पयले तुमच्या दर कार्याले चूलबंद आवतन राहे. साऱ्या घरानं याचं, चूल पेटवाचीच नाही."

"तसं नाही वो. भर मांडवात तुमचे डोळे भरून आले असते तं? पोरीचं शुभकार्य होतं."

"बोंडअळीच्या साली तुमी माह्या ओसरीत आठ दिवस रडल्या. म्या म्हटलं काय अपशकून?"

"जुनं कायले उकरता? तुमच्या भल्यासाठीच केलं. तुमाले आराम पाह्यजे ना."

"केला ना आराम. चूल पेटवली, ओली पऱ्हाटी घातली. धूर आला असन मांडवापर्यंत."

लीलाबाईंनी तोंड फिरवलं, ते थेट दिपालीकडे.

"पाह्यलं काय बाई? कोणाचं चांगलं करावं तं असं ऐकावं लागते. तुमी कोणत्या डॉक्टरले दाखवून राह्यल्या?"

दिपालीची मूठ आणखी आवळली.

"डोळ्याच्या."